ज्या दुःखाला दहावा नसतो

गेल्या महिन्यात एका पत्राला उत्तर देताना मी लिहिलं होतं की, माणूस गेल्यावर जसं दुःख होतं तसंच स्वतःची तब्येत गेल्यावरही होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही. मी बावीस वर्षं रुग्णालयात, मुख्यतः किडनी आणि सांधेदुखीच्या विभागात, समुपदेशनाचं काम करते. औषधं बदलण्याचे प्रश्न ज्यांनी विचारले आहेत त्यांनी ते आपल्या डॉक्टरांकडेच न्यावेत. बाकीच्यातली ही पाच पत्रं. गावांची नावं पत्रलेखकांच्या परवानगीने ठेवली आहेत.

भाकरीसाठी कुणी रडतं का?

*ताई, मी ४१ वर्षांची. सहा वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. गोळ्यांनी आता पुष्कळ आटोक्यात आहे. सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात, मग सुटतात. घरातलं बहुतेक सगळं जमतं, फक्त भाकरी थापता येत नाही. आमच्याकडे रोज शाळूची भाकरी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझी पहिली भाकरी शेजारच्या बायकांना बोलावून दाखवली होती. आता भाकरीला बाई येते. परवा ती आली नाही म्हणून मी काठवट घेऊन बसले. दुसऱ्याच भाकरीला मनगट धरलं आणि मी तिथेच रडत बसले. मिस्टर म्हणाले, ‘भाकरीसाठी कुणी रडतं का? विकत आणू.’ मला त्यांचा राग नाही. आपल्यापेक्षा कितीतरी वाईट आजार असलेली माणसं बघते तेव्हा माझीच मला लाज वाटते. हा वेडेपणा आहे का?* (तासगाव)

वेडेपणा मुळीच नाही. त्या भाकरीत काय काय होतं ते तुम्हीच लिहिलंय. सासूबाईंनी केलेलं कौतुक, शेजारणींच्या नजरा, परक्या घरात पहिल्यांदा मिळालेला मान. मनगट धरलं तेव्हा हे सगळंच निसटलं, म्हणून रडू आलं. कॅथी शार्माझ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी दीर्घ आजारी माणसांशी बोलून १९८३ साली एक लेख लिहिला. डॉक्टर आणि घरचे दुखणं किती ते बघतात, पण आजारी माणसाचे खरे हाल वेगळे असतात, असं त्यांनी त्यात दाखवलं. ‘मी अशी आहे’ हे मनातलं चित्र ढासळत जातं आणि त्याच्या जागी तितकंच मोलाचं दुसरं चित्र लगेच तयार होत नाही. माझ्यासमोर बसलेल्या शेकडो जणींच्या बाबतीत मला हे खरं वाटलंय.

घरात कुणी गेलं की आपल्याकडे लोक येऊन बसतात. शेजारून पिठलं-भात येतो. दहावा होतो, तेरावा होतो, वर्षश्राद्ध होतं. तेवढे दिवस त्या घरातल्या माणसाने हसावं अशी कुणाची अपेक्षा नसते. मनगट गेल्यावर मात्र कुणी भेटायला येत नाही. उलट ‘दिसतेस तर चांगली’ असं ऐकावं लागतं. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखावर पुस्तक लिहिलं. त्याला आपण बिनहक्काचं दुःख म्हणू. दुःख खरंच असतं, पण ते करायचा हक्क लोकांनी दिलेला नसतो, आणि मग आपणही तो स्वतःला देत नाही. तुम्हाला वाटणारी लाज तिथून येते. दुसऱ्याचा आजार मोठा असल्याने तुमचं मनगट कमी दुखत नाही, तसं मनही नाही.

याच बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. शिवणकाम करणारी एक बाई आली. बोटं सुजलेली. ‘मशीन विकलं काल,’ म्हणाली. मी तिची फाईल उघडून उत्साहाने म्हटलं, ‘पण तुमचे रिपोर्ट बघा किती सुधारलेत!’ ती गप्प झाली, नमस्कार करून गेली, आणि पुन्हा माझ्याकडे कधी आली नाही. तिला त्या दिवशी मशीनबद्दल बोलायचं होतं. कुणी यंत्र विकल्याचं, शेत वाट्याने दिल्याचं, गाणं सोडल्याचं सांगितलं की मी आता फाईल बंद करते आणि विचारते, ‘किती वर्षं होतं तुमच्याकडे?’

दुःखाचे पाच टप्पे तुमच्याही वाचनात आले असतील. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ च्या पुस्तकात ते मांडले. त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या. तुमच्यासारख्या वर्षानुवर्षं आजाराबरोबर संसार करणाऱ्या माणसाला ती शिडी लावली की उगाच अपराधी वाटतं. ‘सहा वर्षं झाली, अजून स्वीकार कसा होत नाही?’ असा प्रश्न पडतो. मला त्याहून सायमन ओल्शान्स्कीचं म्हणणं जवळचं वाटतं. मतिमंद मुलांच्या आईवडिलांबरोबर काम करताना १९६२ साली त्याने लिहिलं की हे दुःख आयुष्यभर राहतं, मधूनमधून उसळतं, आणि तो मनाचा आजार नसून त्या परिस्थितीत माणसाला होणारं साहजिक दुःख आहे. तुमच्याकडे ते भोगीला उसळेल. तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्या दिवशी दुसरीच्या हातची ताटात येईल आणि घास अडेल. ते आधीच ठाऊक असू द्या, म्हणजे त्या दिवशी स्वतःवर चिडचिड होणार नाही.

आता करायचं काय? आधी मनगटाचं. ते नव्याने धरायला लागलं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. आजार पुन्हा उचल खात असेल तर उपचारांत बदल करता येतो. दुःख साहजिक आहे म्हणून दुखणंही सोसायचं असा त्याचा अर्थ नाही. मोठ्या रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. मनगटाला पट्टा कधी लावायचा, बोटांऐवजी तळहातावर भार कसा घ्यायचा हे ते शिकवतात. रोजच्या दहा भाकरी राहू द्यात, पण सणाची एखादी जमेल का, हे त्यांनाच विचारा.

मिस्टरांनी भाकरीचा प्रश्न सोडवला, आणि तोच प्रश्न आहे असं त्यांना वाटलं. पुरुषमंडळींवर प्रेम दाखवायची हीच एक रीत लहानपणापासून बिंबवलेली असते. त्यांना एकदा निवांत वेळी सांगा, ‘मला काही आणून देऊ नका. पाच मिनिटं बसा आणि मी काय सांगते ते ऐका.’ मग सासूबाईंनी भाकरी दाखवली त्या दिवसाची गोष्ट सांगा. त्यांना ती ठाऊकही नसेल.

किती महिने?

*आजाराचं दुःख साधारण किती महिन्यांत संपतं? कृपया थोडक्यात उत्तर द्यावे.* (सोलापूर, पोस्टकार्ड)

तुमच्या प्रश्नाला महिन्यांत उत्तर नाही. माणूस गेल्याचं दुःख फार लांबलं आणि जगणंच थांबलं, तर त्याला आजार कधी म्हणायचं, याची मुदत तज्ज्ञांनी ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान सहा महिने, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत मोठ्या माणसांसाठी किमान एक वर्ष. स्वतःच्या तब्येतीच्या दुःखाला अशी मुदत कुणीच घातलेली नाही. आजार रोज थोडं थोडं नवीन नेत असतो, त्यामुळे ती घालता येईल असं मला वाटत नाही. पोस्टकार्डावर जागा कमी होती. सवडीने मोठं पत्र लिहा, मी वाट बघते.

शेजारचा बेड

*मी ५४ वर्षांचा. तीन वर्षांपासून डायलिसिसवर. मंगळ, गुरू, शनि, सकाळची शिफ्ट. माझ्या शेजारच्या बेडवर एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर असायचे. मी कुठल्याही गावाचं नाव घेतलं की ते रस्ता सांगायचे, कुठे घाट, कुठे चहा चांगला. एका गुरुवारी आले नाहीत. शनिवारी त्यांच्या बेडवर नवीन पेशंट. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, ‘ते एक्सपायर झाले,’ आणि माझ्या हाताला सुई लावली. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, ‘तुम्ही असलं मनात आणू नका.’ तेव्हापासून मशीनवर जावंसं वाटत नाही. मागच्या आठवड्यात एक दिवस चुकवला. खरं तर ते माझे कुणीच नव्हते. त्यांचं घरसुद्धा मी पाहिलेलं नाही.* (निफाड)

काका, एक गोष्ट आधी. यापुढे मशीनचा दिवस चुकवू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, पाणी साठलं तर छातीत भरतं, आणि यात मनाची स्थिती विचारात घेतली जात नाही. वाटलं तर रडत जा, न बोलता पडून राहा, पण जा. चुकवलेल्या दिवसाबद्दल डॉक्टरांना सांगा, आणि का चुकवला तेही.

आता ‘ते माझे कुणीच नव्हते’ याबद्दल. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, तीन वर्षं. हिशोब केला तर अठराशेपेक्षा जास्त तास होतात. सख्ख्या भावाशेजारी इतके तास तुम्ही शेवटचे कधी बसलात? तहान लागली असताना ओठ ओले करून कसं भागवायचं, पायात गोळे आले की टेक्निशियनला कशी हाक मारायची, सुई लावलेल्या फिस्टुलाच्या हाताखाली उशी कशी घ्यायची, हे सगळं त्यांच्याइतकं तुमच्या घरात कुणाला कळत होतं? या नात्याला आपल्या भाषेत शब्द नाही. शब्द नाही म्हणून सुतक नाही, आणि कुणी कळवायलाही आलं नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक दुःख आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. शनिवारी रिकामा न राहिलेला तो बेड बघून ‘उद्या माझाही असाच’ हे मनात आलं असणार. असं ज्यांना वाटतं त्यांना घरचे ‘मनात आणू नका’ म्हणतात आणि ती भीती आत जाऊन बसते. ती डॉक्टरांसमोर उघड बोला. ‘त्यांना काय झालं?’ हे ते सांगणार नाहीत, सांगूही नये. ‘माझी तब्येत नेमकी कशी आहे?’ हे मात्र तुमच्या हक्काचं आहे. हृदय, साखर, रक्तदाब, फिस्टुला या सगळ्यांवर प्रत्येकाची गोष्ट वेगळी ठरते. शेजारी बेड होता म्हणून दोघांचं नशीब एक होत नाही. किडनी-प्रत्यारोपणाची चौकशी झाली नसेल तर याच भेटीत करा.

सिस्टरवर राग धरू नका, अशी माझी विनंती. तीन शिफ्ट सांभाळणाऱ्या त्या मुलींनाही आपलीच माणसं जाताना बघावी लागतात, आणि ते कसं बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आमच्या विभागात पूर्वी हेच चालायचं. बेड रिकामा दिसायचा, कुजबूज व्हायची, मशीन सुरू व्हायची. आता कुणी गेलं तर त्या शिफ्टच्या लोकांना मशीन लावायच्या आधी सिस्टर स्वतः सांगतात. दोन मिनिटं सगळे शांत बसतात. कुणाला काही आठवण सांगायची असेल तर सांगतो. शेजारच्या बेडवाल्याला विचारतात, जागा बदलून हवी का. बहुतेक जण नको म्हणतात. पण विचारल्याचं त्यांना बरं वाटतं. तुमच्या सेंटरमध्ये हे सुरू करा असं तुम्ही म्हणू शकता. तीन वर्षांच्या जुन्या पेशंटचा शब्द ऐकतात.

त्या ड्रायव्हरच्या घरचा नंबर सेंटर देणार नाही. तुमचा नंबर मात्र त्यांच्या घरी पोचवू शकेल. तेवढं सांगून बघा. आणि भेट झाली तर त्यांच्या पत्नीला त्या अठराशे तासांबद्दल सांगा. कुठला घाट, कुठला चहा. डायलिसिसला गेलेला माणूस घरच्यांना दिसतो तो थकून परत आलेला. आत तो हसत होता, कुणाला तरी रस्ते सांगत होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. जाल तेव्हा चहा अर्धाच घ्या आणि दिवसभराच्या पाण्यात मोजा. आग्रह होईल, पण ते घर कारण समजून घेईल.

सुई

*ह्यांना जाऊन चार महिने झाले. मला चौदा वर्षं मधुमेह आहे, दोन वर्षं इन्सुलिन. सकाळ-संध्याकाळ हेच टोचून द्यायचे. आता मीच घेते, पण पेन हातात घेतलं की रडू येतं आणि कधी कधी रात्रीचं राहूनच जातं. तीन महिन्यांची साखर ७.४ होती ती ९.६ आली. डॉक्टर विचारतात, ‘पथ्य मोडलं का?’ मुलगी बंगळुरूला असते. तिचा फोन आला की पहिला प्रश्न, ‘आई, शुगर किती?’ मी काहीच वेडंवाकडं खात नाही.* (रत्नागिरी, वय ६३)

मावशी, मला तुमचं म्हणणं पटतं. मोठ्या दुःखात शरीर ताणाखाली असतं. कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन ही द्रव्यं वाढतात आणि ती साखर वर नेतात. तुम्ही एक घास जास्त न खाताही हे होऊ शकतं. झोप मोडली की आणखी. त्यात रात्रीचं इन्सुलिन राहतंय. या तिन्ही गोष्टी आणि ‘मिस्टर गेले’ ही चौथी, अशा कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. चौथी गोष्ट त्यांना माहीत नसेल, असं होऊ शकतं. वर्षश्राद्धापर्यंत मिस्टरांच्या नावाने उपास धरले असतील तर तेही सांगा. इन्सुलिनवर असताना न जेवल्यास साखर एकदम खाली येते, ते जास्त धोक्याचं.

पेनचं दुःख मला कळतं. दिवसातून दोनदा ते तुमच्याजवळ बसायचे, ती वेळ होती ती. तुम्ही ती चुकवताय कारण त्या वेळी ते नाहीत हे सगळ्यात जास्त जाणवतं. दोन मार्ग लोकांना उपयोगी पडलेले मी पाहिलेत. काहीजणी जागा बदलतात. देवघराजवळ घ्यायच्या तर आता ओट्यापाशी घेतात. काहीजणी मुद्दाम तीच जागा ठेवतात, त्यांच्या खुर्चीत बसून घेतात आणि मनात त्यांच्याशी दोन शब्द बोलतात. तुम्हाला कुठलं जमेल ते तुम्हीच ओळखाल. सुरुवातीचे काही आठवडे संध्याकाळी शेजारच्या कुणीतरी नुसतं समोर बसावं, असं बघा.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. दुःखातलं माणूस झोक्यासारखं हलतं. कधी गेलेल्याच्या आठवणीत, कधी गॅस-बँक-औषधांच्या कामात. आठवणीत असताना ‘कामं पडलीत’ असं वाटतं, कामात असताना ‘मी त्यांना विसरले’ असं वाटतं. दोन्हीकडे जावंच लागतं. तुम्ही स्वतः इन्सुलिन घ्यायला शिकलात, ते या दुसऱ्या बाजूचं मोठं काम आहे आणि त्याबद्दल कुणी तुम्हाला शाबास म्हटलेलं दिसत नाही. मी म्हणते.

मात्र सलग दोन आठवडे कशातच मन लागलं नाही, नातवंडांचा फोनही नकोसा झाला, सारखं ‘माझंच चुकलं’ वाटू लागलं किंवा जगणं नको झालं, तर ते नुसतं दुःख समजून बसू नका. १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मोफत, रात्रीही, आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुद्दाम इन्सुलिन न घेण्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी फोन करा.

हा अंक मुलीला पाठवा. बाळ, पहिला प्रश्न ‘जेवलीस का, झोप लागली का’ असा विचार. साखर तिसऱ्या प्रश्नात विचारलीस तरी चालेल. आईने नवरा गमावला तसे तू वडील गमावलेस. फोनवर त्यांच्याबद्दल तूही बोल.

समोर बसलेले बाबा

*बाबांना नऊ वर्षं पार्किन्सन्स आहे. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. फळ्यावरचं त्यांचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं यायची. आता सही मुंगीएवढी झाली आहे. काही सांगितलं तरी चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. ते समोर असताना मला त्यांची आठवण येते. जिवंत माणसाचं असं दुःख करणं पाप वाटतं.* (अमरावती)

पाप नाही. पॉलिन बॉस यांनी आयुष्यभर याच दुःखाचा अभ्यास केला. माणूस आहे आणि नाहीही, अशा वेळी निरोप घेता येत नाही आणि घ्यायचाही नसतो. दुःख करा आणि त्यांच्याजवळही बसा. दोन्ही एकदम करता येतं.

एक मात्र नक्की समजून घ्या. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. त्यामुळे आत हसू असलं तरी बाहेर येत नाही. त्यांचा चेहरा वाचून त्यांचं मन ठरवू नका, तोंडाने विचारा आणि उत्तराला वेळ द्या. नऊ वर्षांच्या आजारात उदासीही असू शकते, स्मरणही कमी होऊ शकतं. त्याची तपासणी न्यूरोलॉजिस्टकडून करून घ्या, कारण उदासीवर औषध आहे. गोळी घेतल्यावर काही काळ हालचाल मोकळी असते. गप्पांसाठी, फिरण्यासाठी तीच वेळ राखा. पुण्यात पार्किन्सन्सचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचं मित्रमंडळ आहे. त्यांच्याशी बोलून बघा. तुमचं वाक्य तिथे अनेकांना ओळखीचं वाटेल.

अक्षर बारीक होत जाणं हे याच आजाराचं लक्षण आहे. आखीव कागदावर, ओळ भरून, प्रत्येक अक्षर मुद्दाम मोठं काढायला सांगितलं तर थोडा वेळ ते सुधारतं. घरात फळा असेल तर तो काढा. गोळीचा असर असलेल्या वेळी त्यांना खुर्चीवर फळ्यासमोर बसवा, हातात खडू द्या, आणि खांद्यापासून हात फिरवून तुमचं नाव लिहायला सांगा. लिहिलेलं लगेच पुसू नका.